गेलेल्यांच्या नावाने आणखी किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परक्या भूमीवर वर्षानुवर्षे रेंगाळलेले युद्ध चालू ठेवावे की आवरते घ्यावे, या वादात एक वाक्य हमखास येते : आता मागे फिरलो तर आजवर गेलेल्या जवानांचे बलिदान वाया जाईल. हे वाक्य काळजाला हात घालते आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. गेलेला जवान परत येणार नसतो. त्याच्या नावाने उद्या ज्याला पाठवणार, तो मात्र आज जिवंत असतो.

मार्च १९६५ मध्ये, अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या नुकत्याच व्हिएतनाममध्ये उतरल्या असताना, अमेरिकी संरक्षण खात्यातील सहायक मंत्री जॉन मॅकनॉटन यांनी युद्धाची उद्दिष्टे चक्क टक्केवारीत लिहून काढली होती. नामुष्कीचा पराभव टाळणे ७० टक्के. दक्षिण व्हिएतनामचा प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणे २० टक्के. तिथल्या लोकांना चांगले, मोकळे आयुष्य मिळवून देणे १० टक्के. ज्यांच्यासाठी लढतो असे जगाला सांगितले जात होते, त्यांच्या वाट्याला दहा! १९७१ मध्ये ही गोपनीय कागदपत्रे वृत्तपत्रांनी छापली, तेव्हा कुठे हे लोकांना कळले. तोवर इभ्रतीपायी माणसे मरतच होती. अमेरिकेचे सुमारे ५८ हजार सैनिक त्या युद्धात गेले. त्यांतले २० हजारांहून अधिक १९६९ पासूनचे, म्हणजे बाहेर कसे पडायचे याची चर्चा सुरू झाल्यानंतरचे. व्हिएतनामी मृतांची संख्या तर दहा लाखांच्या पुढे जाते.

सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी, आपले सैन्य जिथे लढत होते त्या अफगाणिस्तानला ‘वाहती जखम’ म्हटले ते फेब्रुवारी १९८६ मध्ये. शेवटची सोव्हिएत तुकडी सीमेवरची अमूदर्या नदी ओलांडून परतली १५ फेब्रुवारी १९८९ रोजी. जखम कळल्यावरही तीन वर्षे! त्याच देशात पुढे अमेरिका वीस वर्षे राहिली. ज्याच्यासाठी ती तिथे गेली, तो बिन लादेन मे २०११ मध्ये मारला गेला, तोही पाकिस्तानात. त्यानंतरही युद्ध दहा वर्षे चालले. त्या दहा वर्षांचे नेमके उद्दिष्ट काय होते, हे मला आजवर कुणाकडून एका वाक्यात ऐकायला मिळालेले नाही.

आणि माघारीने बलिदान वाया जाते, हे तरी खरे आहे का? श्रीलंकेत भारतीय शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान कामी आले. अखेर तिथले अध्यक्ष प्रेमदासा यांनीच सैन्य न्या म्हणून सांगितले आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. म्हणून तिथे कामी आलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे परमवीरचक्र फिके पडले का? शौर्य त्यांचे होते. धोरण बरोबर की चूक, हा हिशेब सरकारचा.

ज्याच्या स्वतःच्या भूमीवर आक्रमण झाले आहे, त्याला हा हिशेब विचारायचा मला अधिकार नाही, हे इथे स्पष्ट करतो. माघारीची किंमत असते, हेही मान्य. अमेरिका परतली, तालिबान सत्तेवर आले आणि काबूलमध्ये ऑगस्ट २०२१ नंतर मुलींच्या माध्यमिक शाळांना कुलपे लागली. ते आठवले की आजही तुटते. पण वीस वर्षांत उभे केलेले अफगाण सैन्य काही आठवड्यांत विरघळले, तर एकविसाव्या वर्षाने काय साधले असते?

म्हणून माझी विनंती. ‘युद्ध चालू ठेवा’ म्हणणाऱ्याने सांगावे की वर्षभराने कोणती गोष्ट घडलेली दिसली नाही, तर तो आपले मत बदलेल. ‘परत या’ म्हणणाऱ्याने सांगावे की ज्या दुभाष्यांनी, वाटाड्यांनी आपल्या शब्दावर विसंबून साथ दिली, त्यांना कुटुंबासह कुठे आणि कसे न्यायचे. आपल्या पानावरची चर्चा या दोन प्रश्नांपासून सुरू व्हावी.

आपला,
एक नियमित वाचक