फियाट हाती घेतलेल्या लेकीस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

गाडी आता तुझ्या नावावर झाली, तेव्हा तिचं सगळं एकदा नीट लिहून ठेवते. जुनी आहे, कापड घालून जपून ठेव, असं सांगणारे खूप भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. मुंबईची खारी, दमट हवा कापडाखाली कोंडते आणि पत्रा आतून गंजत जातो. ब्रेकच्या सिलिंडरांत पिस्टन चिकटतात. आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटर चालव, इंजिन पुरतं तापू दे. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद करणं तर सगळ्यात वाईट, त्यानं सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि तो आतून कुजतो.

सिग्नलला साठी-सत्तरीची माणसं काच खाली करून तुझ्याशी बोलतील. त्यांच्याशी चार शब्द बोल. 31 मार्च 1964 ला मुंबईची शेवटची ट्राम धावली आणि त्याच वर्षी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली. पुढच्या वर्षी केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल खुला झाला. रुळांवरचं शहर रबरी चाकांवर आलं ते या गाडीच्या सोबतीनं. 1974 पासून तिचं नाव पद्मिनी झालं, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. 2023 मध्ये 15 सप्टेंबरला जुन्या डबल डेकर बस थांबल्या आणि ऑक्टोबर संपता संपता वीस वर्षांची मर्यादा भरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली. त्या माणसांना गाडीसाठी वर्षानुवर्षं लावलेले नंबर आठवतात, पुढच्या सलग सीटवर दाटीनं बसलेली तीन माणसं आठवतात, टॅक्सीच्या डाव्या बाजूला बाहेर बसवलेला, हातानं पाडायचा मीटर आठवतो. म्हणून एक मागणं आहे. सलग सीट काढून बकेट सीट आणि फ्लोअर गिअर बसवू नकोस. सोय होईल, पण मग ती फियाट उरत नाही.

हँडगिअर, म्हणजे स्टिअरिंगजवळची गिअरची दांडी, अडकतो तो गिअरबॉक्समुळे नव्हे, लिंकेजच्या, म्हणजे दांडी गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांध्यांच्या, झिजलेल्या बुशांमुळे (सांध्यातल्या छोट्या कड्यांमुळे). ढिलाई वाढली की दोन गिअरांच्या मध्येच दांडी अडते. तेव्हा जोर लावू नकोस. इंजिन बंद कर, बॉनेट उघड आणि स्टिअरिंगच्या नळीखालचे लिंकेजचे दोन्ही लोखंडी हात हलवून सरळ रेषेत आण, गिअर मोकळा होतो. मग लवकरात लवकर सगळे बुश एकदम बदलून घे. एकच बदललास तर बाकीच्यांची ढिलाई तशीच राहते. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअर टाकताना चाकांचा वेग जुळवून देणारी सोय, नाही, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकू नकोस.

गाडी ओढेना, तापू लागली, पेट्रोल जास्त खाऊ लागली की गॅरेजवाले आधी पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर उघडतात. तू आधी पॉइंट बघ, म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधली, उघडझाप करून ठिणगी पाडणारी जोडी. पॉइंटची टाच, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या फिरत्या कॅमवर घासणारा तुकडा, झिजते, फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते आणि ही तिन्ही लक्षणं दिसतात. इंजिन हातानं फिरवून टाच कॅमच्या उंचवट्यावर आण, 0.4 मिमीची पट्टी किंचित घासून जाईल इतकी फट ठेव, स्क्रू आवळ आणि पुन्हा मोज, कारण आवळताना फट सरकते. कॅमला ग्रीसचा जेमतेम ठिपका लाव. जास्त लावलंस तर ते उडून पॉइंटवर बसतं. फट बदलली की ठिणगीचं टायमिंग बदलतं, तेही तपासायला हवं. प्लगची फट 0.6 मिमी. पॉइंट लवकर जळत असतील आणि तापल्यावर इंजिन मिसिंग करत, म्हणजे मध्येच ठिणगी चुकवत, असेल तर दोष कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटना जळण्यापासून वाचवणाऱ्या छोट्या डबीचा. डिकीत कंडेन्सर, पॉइंट, रोटर आणि फॅनबेल्ट कायम असू दे.

तापण्याचं मात्र फार मनावर घे. ब्लॉक बिडाचा आहे, हेड ॲल्युमिनियमचं. जास्त तापलं की हेड वाकतं आणि गॅस्केट जातं. पंखा इंजिनच्या बेल्टवर फिरतो, त्यामुळे गर्दीत रेंगाळताना वारा कमी पडतो. काटा चढला तर न्यूट्रल करून ॲक्सिलरेटर थोडा दाबून ठेव. तरीही उतरेना तर बाजूला घे, बंद कर. रेडिएटरचं झाकण निदान अर्धा तास उघडू नकोस आणि तापल्या इंजिनात गार पाणी कधीही ओतू नकोस. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकायचा सल्ला मिळेल, तोही मानू नकोस. इंजिन थंड चालून ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं.

उन्हाळ्यात गाडी थोडी थांबवून परत सुरू केली की कधी पेट्रोलच येत नाही. इंजिनवरच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाजवळच्या नळीत त्याची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं ठेव आणि दहा मिनिटं बॉनेट उघडं ठेव. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून टाकीत गंज धरवतं. पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाल. टाकीत तेच पेट्रोल दोन महिने पडू देऊ नकोस.

कागदांचं थोडक्यात. गाडी पन्नाशी ओलांडलेली असल्यानं ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळू शकतो. पण त्या नोंदणीवर रोजच्या वापराला बंदी आहे. तेव्हा तो नाद नको. नमुना 25 भरून, तपासणी करून दर पाच वर्षांनी साधी नोंदणी वाढवत राहा.

आता पावसाळा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं आहेत, ती मे महिन्यात तारेनं मोकळी कर. नाहीतर दार खालून सडतं. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे इथं पाणी तुंबलं असेल तर वाट बदल. चाकाच्या मधल्या टोपीपर्यंत पाणी दिसलं की शिरूच नकोस. त्याहून कमी पाण्यातून जावंच लागलं तर पहिल्या गिअरमध्ये, मध्ये न थांबता, संथ जा. पाण्याबाहेर आलीस की डावा पाय ब्रेकवर हलका टेकवून शे-दोनशे मीटर चालव. चारही ब्रेक ड्रमचे आहेत, ओले झाले की धरत नाहीत. गाडी पाण्यात बंद पडते ती बहुतेक वेळा पंख्यानं उडवलेलं पाणी डिस्ट्रिब्युटरवर बसल्यामुळे. त्यासाठी रबरी हातमोजा वापर. डिस्ट्रिब्युटरला प्लगच्या चार आणि कॉइलची एक अशा पाच वायरी असतात, मोज्याला बोटंही पाच. बोटांची टोकं कापून प्रत्येकातून एक वायर ओढून घे, मोजा डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर चढव आणि बुडाशी दोऱ्यानं बांध. एक मोजा कापून डिकीत ठेवला आहे, पाऊस सुरू व्हायच्या आत चढव.

तुझी,
आई