सव्वीस इनिंग्ज आणि निकाल शून्य

बॉस्टन,
२ मे

प्रिय दिग्या,

तुझा खांदा कसा आहे ते आधी कळव. आणि हसू नकोस, पण हे पत्र बेसबॉलबद्दल आहे.

लेकीच्या विद्यापीठात निकर्सन फील्ड नावाचं मैदान आहे. पूर्वी तिथं ब्रेव्ह्ज फील्ड होतं. जुनं तिकीट ऑफिस आणि उजवीकडच्या गॅलरीचा तुकडा अजून उभा आहे. काल, ऐन महाराष्ट्र दिनी, मी त्या गॅलरीत मुद्दाम जाऊन बसलो. कारण १ मे १९२० ला इथं ब्रुकलिन आणि बॉस्टन यांच्यात २६ इनिंग्जचा सामना झाला होता. बेसबॉलची इनिंग छोटी: दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात, तीन बाद झाले की पाळी संपली. नियमाप्रमाणे अशा ९ इनिंग्ज, बरोबरी झाली तर पुढे चालू. मेजर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, इतक्या इनिंग्जचा सामना आजवर दुसरा नाही.

ब्रुकलिननं पाचव्या इनिंगमध्ये एक धाव काढली, बॉस्टननं सहाव्यात फेडली. मग वीस इनिंग्ज कुणालाच काही नाही! बॉस्टनचा चार्ली पिक तर अकरापैकी अकरा वेळा भोपळा घेऊन परतला.

पण खरी गोष्ट पिचरांची. ब्रुकलिनचा लिऑन कॅडोर आणि बॉस्टनचा जो एश्गर, दोघांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानं टाकलं. आपल्याकडे निदान एक षटक टाकलं की दुसऱ्या टोकाचा बोलर येतो. इथं दुसरं टोकच नाही.

सतराव्यात तिन्ही बेसवर ब्रुकलिनचे धावपटू उभे, एकच बाद. फटका सरपटत एश्गरकडे आला. त्यानं कॅचर गाउडीकडे फेकला (कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक समज, धाव पूर्ण होते त्या 'घरा'च्या बेसवर असतो), एक गेला. गाउडीनं पहिल्या बेसला फेकला, तिथं होल्कीच्या हातून निसटला. तेवढ्यात कोनेची नावाचा गडी थेट घराकडे सुटला. होल्कीनं चेंडू परत फेकला, गाउडीनं आडवी उडी मारली आणि कोनेची बाद. मी त्या रिकाम्या गॅलरीत बसून हातवारे करत होतो. एक पोरगी घाबरून लांब जाऊन बसली.

एश्गरनं शेवटच्या सलग २१ इनिंग्जमध्ये एकही धाव दिली नाही. २१ म्हटल्यावर तुला कोण आठवलं? आपले बापू नाडकर्णी! १९६४, मद्रास, सलग २१ निर्धाव षटकं. तो सामनाही अनिर्णितच.

इथं दिवे नव्हतेच. तीन तास पन्नास मिनिटांनी अंधार पडला म्हणून पंच मॅककॉर्मिकनं खेळ थांबवला. १-१. नंतर तीन दिवस कॅडोरला भांग पाडायला हात वर जाईना. हे वाचलं आणि तू आठवलास. कॅप्टननं तुला एका टोकानं दिवसभर राबवलं होतं, आणि रात्री तू डाव्या हातानं पिठलं-भाकरी खाल्लीस. कॅप्टनचं नाव लिहीत नाही, उगाच तुझं बीपी वाढेल.

ब्रुकलिनची दशा पुढे ऐक. रविवारी बॉस्टनमध्ये खेळायला बंदी, म्हणून एका सामन्यासाठी गाडीनं घरी: फिलाडेल्फियाकडून १३ इनिंग्जमध्ये हार. सोमवारी पुन्हा बॉस्टन: १९ इनिंग्ज, हार. तीन दिवसांत ५८ इनिंग्ज आणि विजय एकही नाही. तरी त्या वर्षी नॅशनल लीग (मेजर लीगमधल्या दोन लीगांपैकी एक) त्यांनीच जिंकली, बघ.

आता दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू उभा करतात, म्हणजे लवकर उरकावं. मला नाही आवडलं. तुलाही नाही आवडणार.

वहिनींना नमस्कार. खांद्याचं खरं काय ते लिही, नेहमीसारखं 'बरं आहे' नको.

तुझा,
सुध्या