आठ मुलं, पेरांवर मोजून

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

जपानमधल्या मुलांच्या कॅम्पवर तू लीडर म्हणून जाते आहेस आणि तुझ्या गटात दुसरी ते चौथीतली आठ मुलं असणार, असं तू कळवलंस. मग सगळ्यात आधी मोजायला शीक. इची, नी, सान तुला येतं, पण जपानीत माणसं वेगळी मोजतात: हितोरी, फुतारी, साननिन, योनिन. चारला ‘योननिन’ म्हणालीस तर पोरं खिदळतील. हजेरीला तिथे ‘तेन्को’ म्हणतात. रांग लावून तू ‘बान्गो!’ म्हणालीस की मुलं आपापला आकडा ओरडत जातात. ऐकायला झकास वाटतं, पण त्यावर विसंबू नकोस, कारण एखादं पोरगं दोस्ताचाही आकडा ओरडून मोकळं होतं. तोंडी आकडे चालू असताना तू अंगठा पेरांवरून फिरवत चेहरे मोज. करंगळीची तीन, अनामिकेची तीन, मधल्या बोटाची दोन, झाली आठ. बसमध्ये चढल्यावर, उतरल्यावर, झाडीत शिरताना, बाहेर पडल्यावर, संडासासाठी थांबल्यावर, निजताना, दरवेळी मोज. पाण्यात मुलांच्या जोड्या लावतात. ‘बडी!’ म्हटलं की जोडीदारांनी हात धरून वर करायचा. दर दहा मिनिटांनी हे करून घे, आणि एक जरी हात एकटा दिसला तर सगळ्यांना पाण्याबाहेर काढ.

आता कागदपत्रं. पर्यटक व्हिसावर जपानमध्ये पगारी काम चालत नाही, म्हणून तुला सुट्टीतल्या कामाचा वेगळा दर्जा मिळालाय. कोणतं काम करायचं ते लिहिलेला कागद, ‘शितेइशो’, पासपोर्टला जोडतात. तो सुटा करू नकोस. त्यात लिहिलंय तेवढंच काम करायचं. रविवारी जवळच्या हॉटेलात तासावर काम आहे असं कुणी म्हणालं तरी नाही म्हण. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला रहिवासी कार्ड मिळत नाही, म्हणून पासपोर्ट कायम अंगावर हवा, खोलीतल्या बॅगेत नव्हे.

कॅम्प आहे त्या कियोसातोला जायला तोक्योतल्या शिन्जुकूहून ‘आझुसा’ गाडीने कोबुचिझावा, तिथून कोउमी मार्गाची छोटी गाडी. आझुसात सगळ्या जागा आरक्षित असतात. 13 ते 16 ऑगस्ट ओबोन, म्हणजे अर्धा देश गावी निघालेला, त्यामुळे त्या दिवसांतली परतीची तिकिटं आधीच काढून ठेव. मोठी बॅग विमानतळावरूनच कुरिअरने, तिथे त्याला ‘ताक्क्यूबिन’ म्हणतात, कॅम्पवर पाठव आणि दोन दिवसांचे कपडे पाठीवर घे.

कियोसातो स्टेशन 1,274 मीटरवर आहे. साधारण दर 100 मीटरला 0.6 अंश थंडावा धरलास तर तोक्योत 35 असताना तिथे सत्तावीस-अठ्ठावीस, आणि रात्री स्वेटर लागतो. पण याच थंडाव्याने मुलं फसतात. घाम लगेच वाळतो, तहान लागत नाही, पाणी पोटात जात नाही. शिवाय सहलीला खाली कोफूच्या खोऱ्यात उतरलात की ऊन अंगावर येतं. तिथे उन्हाचा धोका नुसत्या तापमानावर नाही, दमटपणा आणि उन्हाचा ताप धरून काढलेल्या ‘डब्ल्यूबीजीटी’ आकड्यावर ठरवतात. 28 झाला की धावपळीचे खेळ बंद, 31 झाला की मैदानच बंद. प्यायला ‘मुगीचा’, म्हणजे जवाचा थंड चहा. त्यात कॅफिन नसतं. सोबत मिठाची गोळी.

एक शब्द मात्र नीट लक्षात ठेव: ‘दाइजोबु’. ठीक आहे, चालेल, काही नाही, हे सगळं त्यातच येतं. ‘दाइजोबु?’ असं विचारलंस की तापाने फणफणलेलं मूलही ‘दाइजोबु’ म्हणेल, कारण निमूट सोसण्याचं, ‘गामान’चं, वळण लहानपणापासून लागलेलं असतं. म्हणून हो-नाहीत उत्तर देता येणार नाही असं विचार. शेवटची शू कधी केलीस? रंग कसा होता? बाटलीत पाणी कुठवर उरलंय, दाखव. आणि उत्तरापेक्षा चेहरा बघ. खेळता खेळता गप्प झालेलं, गाल लाल पण घाम नाही असं मूल दिसलं की सावलीत नेऊन मान, काख, जांघ गार कर. हाक मारल्यावर सरळ उत्तर आलं नाही तर पाणी पाजायच्या भानगडीत न पडता 119 लाव. रुग्णवाहिकेला पैसे पडत नाहीत, तेव्हा बिचकू नकोस.

चुलीवरचा भात तुलाच शिकवावा लागेल. तिथे तो ‘हान्गो’त शिजवतात, घेवड्याच्या बीच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा उंच डबा. पूर्ण डब्यात चार गो तांदूळ मावतो. एक गो म्हणजे 180 मिलिलिटर, वजनाने 150 ग्रॅम. आतल्या झाकणाचं माप दोन गो, बाहेरच्याचं तीन, त्यामुळे वेगळी वाटी लागत नाही. दहा जणांना दोन डबे पुरतात. एका गो तांदळाला 200 मिलिलिटर पाणी, म्हणजे डब्याला 800. डब्याला बाहेरून भांड्यांच्या साबणाचा पातळ हात फिरवून मगच चुलीवर टांग, काजळी नंतर सहज निघते. तांदूळ किमान अर्धा तास भिजव. त्या उंचीवर पाणी 96 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून तिथे पाऊण तास भिजवलेला बरा.

आधी जाळ मोठा. झाकणाखालून फेस उतू यायला लागला की लाकडं ओढून जाळ कमी कर. आता झाकण उघडायचं नाही. मुलं हट्ट धरतील, तरी नाही. वाफ गेली की दाण्याच्या पोटात कच्ची कणी राहते आणि मग ती काही केल्या शिजत नाही. आत काय चाललंय ते काठी टेकवून कळतं. काठीचं एक टोक झाकणावर, दुसरं तुझ्या हातात. बुडबुडे असतील तर खदखद हाताला जाणवते. ती थांबली, बारीक चरचर ऐकू आली आणि वासात किंचित खरपूसपणा आला की डबा लगेच उतरव. एक मिनिट उशीर झाला तर बुडाला कोळसा. मग डबा उलटा करून पंधरा मिनिटं मुरू दे. ही पंधरा मिनिटं सगळ्यात अवघड, कारण पोरांना भूक लागलेली असते. तेवढ्या वेळात त्यांच्याकडून ताटं मांडून घे.

भाताबरोबर करी असते. कांदा, गाजर, बटाटा पुरता शिजल्याशिवाय करीची वडी टाकायची नाही. तिच्यात मैदा असतो. आधी टाकलीस तर रस दाटतो, बूड लागतं आणि बटाटा टणक राहतो. भांडं खाली उतरवून मगच वड्या विरघळव. तुझ्यासाठी एक: या वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते, आणि साध्या सूपातही कात्सुओ माशाचा अर्क. स्वयंपाकघरात पहिल्याच दिवशी ‘मांस आणि मासा, दोन्ही नाही’ असं लेखी दे. नुसतं शाकाहारी म्हटलं तर मासा ताटात येतो.

मुलांच्या ॲलर्जीचा तक्ता रोज वाच. अंडं, दूध, गहू, सोबा (म्हणजे कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा, अक्रोड ही नावं पाकिटावर छापणं तिथे सक्तीचं आहे. त्यातला सोबा फक्त ताटात नसतो. जुन्या उशांत सोब्याची टरफलं भरलेली असतात. ज्या मुलाला सोबा चालत नाही त्याची उशी तू स्वतः चाचपून बघ. टरफलांची असेल तर ती उशी खोलीतूनच हलव.

ओढ्याबद्दल अजिबात भीड धरू नकोस. 14 ऑगस्ट 1999 रोजी कानागावातल्या कुरोकुरा नदीत बेटासारख्या वाळूवर तंबू ठोकलेले 18 जण पुरात अडकले, 13 गेले. आदल्या दिवशी त्यांना हलायला सांगितलं होतं. तुझ्या डोक्यावर निळं आकाश असलं तरी वरच्या डोंगरात पाऊस झालेला असू शकतो. पाणी गढूळलं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा पाणी अचानक कमी झालं की चपला सोडून मुलांसह वर चढ. मग वर पोचल्यावर मोज.

ऑगस्टात गांधीलमाश्या, ‘सुझुमेबाची’, चवताळलेल्या असतात. त्या काळ्या रंगावर धावून येतात, म्हणून सगळ्यांना पांढऱ्या टोप्या. तुझ्या केसांना सुगंधी तेल नको.

अंघोळ सगळ्यांची एकत्र असते. आधी स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग केस बांधून हौदात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. संकोच वाटेल, पण दोन दिवसांत जातो. मेंदी मात्र काढून जाऊ नकोस. तिथल्या स्नानगृहांत गोंदणाला मनाई असू शकते, आणि मेंदी लांबून तशीच दिसते.

घरची आठवण पहिल्या-दुसऱ्या रात्री दिवे मालवल्यावर येते. ‘उद्या आईला फोन लावू’ असं वचन देऊ नकोस, ते मूल रात्रभर त्या फोनची वाट बघत जागं राहतं. जवळ बस, उद्याचं एक ठरलेलं काम त्याच्यावर सोपव. कुणी अंथरूण ओलं केलं तर इतर उठायच्या आत चादर बदल, ओली चादर कपड्यांच्या ढिगात मिसळ आणि त्याला शब्दाने विचारू नकोस. तुझ्या बॅगेतली क्रोसिन कुणाही मुलाला द्यायची नाही, ताप असला तरी कॅम्पच्या नर्सकडे न्यायचं.

लीडरांची बैठक उरकेपर्यंत तिथे रात्रीचे साडेदहा होतील, म्हणजे आपल्याकडे सात. तेव्हा फोन कर. आधी खोलीत एक चक्कर मारून ये.

तुझी,
आई