अमिगाच्या फ्लॉप्या टाकू नका: चित्रांच्या छोट्या मोफत प्रोग्रॅमसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

कपाट आवरताना तळाशी साडेतीन इंची फ्लॉप्यांचा एखादा डबा निघतो. कॉम्प्युटर केव्हाच मोडीत गेलेला असतो, फ्लॉपी वाचायला घरात काही उरलेलं नसतं, आणि डबा कचऱ्यात जातो. तो डबा कमोडोर कंपनीच्या अमिगा या जुन्या घरगुती कॉम्प्युटरचा असेल तर टाकण्याआधी हे पत्र पुरतं वाचावं, एवढी विनंती.

आम्ही मोजकी मंडळी जुन्या अमिगा चालू स्थितीत ठेवायचं काम करतो. त्या डब्यातल्या गेमची आम्हाला फारशी काळजी नाही. गेमवर जीव टाकणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी ते जपून ठेवले आहेत. आम्ही शोधतोय ते चित्रांचे छोटे प्रोग्रॅम. चित्र उघडून दाखवणारे, एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेणारे, पॅलेट म्हणजे चित्राच्या रंगांचा संच बदलणारे, पडद्यावर दिसतंय ते पकडून फाइलमध्ये उतरवणारे, आयकॉन काढायचे. त्यातले कितीतरी जेमतेम पंधरा-वीस किलोबाइटचे. कुणी विद्यार्थ्याने, कुणी नोकरी सांभाळून रात्री जागून लिहिलेले. ‘हवा त्याला द्या, पैसे घेऊ नका, सोबतची माहितीची फाइल काढू नका’ एवढीच बहुतेकांची अट. कुणी विकलेच नाहीत, म्हणून कुणी नोंदवून ठेवलेही नाहीत.

या प्रोग्रॅमवाचून काय अडतं, ते एका चित्रावरून सांगतो.

पहिली अमिगा १९८५ साली आली. तिच्यात एकूण ४०९६ रंग होते, पण नेहमीच्या पद्धतीत एका वेळी पडद्यावर ३२च येत. सगळे रंग एकदम दाखवायची एक वेगळी पद्धत तिच्यात होती, होल्ड अँड मॉडिफाय, बोलण्यात ‘हॅम’. यात प्रत्येक ठिपक्याला सहा बिट मिळतात. त्यातले दोन बिट काय करायचं ते सांगतात: ठरलेल्या १६ रंगांतला एक उचल, किंवा डावीकडच्या ठिपक्याचा रंग जसाच्या तसा धर आणि त्यातला फक्त लाल बदल, फक्त हिरवा बदल, किंवा फक्त निळा बदल. बदललेली किंमत उरलेल्या चार बिटांत. म्हणजे काळ्या केसांशेजारी उजळ कपाळ आलं की एका उडीत तिथे पोचता येत नाही. लाल, हिरवा, निळा असं करत दोन-तीन ठिपके जातात आणि केसांच्या कडेला रंगाचा ओघळ दिसतो. ते १६ मूळ रंग असे निवडायचे की हा ओघळ कमीत कमी दिसावा, यात कन्व्हर्टर लिहिणाऱ्याचं सगळं कसब. तोच फोटो दोन वेगवेगळ्या कन्व्हर्टरमधून काढून शेजारी शेजारी ठेवला, की एकात चेहरा दिसतो आणि दुसऱ्यात चेहऱ्यावर ओरखडे.

आता हे चित्र फाइलमध्ये कसं बसतं ते पाहा. अमिगावरची चित्रं बहुतेक आयएफएफ-आयएलबीएम या प्रकारात असतात. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने १९८५ मध्ये हा प्रकार पुढे आणला. फाइल तुकड्यातुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकड्याला चार अक्षरांचं नाव असतं. एकात लांबी-रुंदी, एकात पॅलेट, एकात प्रत्यक्ष चित्र, आणि सीएएमजी नावाच्या तुकड्यात हे चित्र कोणत्या पद्धतीने दाखवायचं ती खूण. काही प्रोग्रॅम हा सीएएमजी तुकडा लिहीतच नसत. मग सहा बिटांचं चित्र समोर आलं की प्रश्न पडतो, हे हॅम की हाफब्राइट? हाफब्राइटमध्येही सहाच बिट असतात, पण तिथे ३२ रंग आणि त्याच ३२ रंगांच्या निम्म्या उजेडाच्या सावल्या अशी ६४ रंगांची मांडणी असते. अंदाज चुकला तर माणसाच्या जागी नुसती रंगीत धूळ दिसते. पॅलेटमध्ये १६ रंग असतील तर बहुधा हॅम, ३२ असतील तर बहुधा हाफब्राइट, इतकी साधी मोजणी करूनही पुष्कळदा सुटका होते. अशा कितीतरी खाचाखोचा त्या काळच्या व्ह्यूअरच्या, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पोटात आणि त्यांच्या माहितीच्या फाइलींत पडून आहेत. लिहिणाऱ्याला त्या फाइली रोज हाताळून ठाऊक झालेल्या असत.

आणखी एक तुकडा असतो, सीआरएनजी. पॅलेटमधले ठरावीक रंग गोल फिरवत राहायचे, ही सूचना त्यात असते. चित्रातला एकही ठिपका हलत नाही, तरी धबधबा वाहतो, दिव्याची ज्योत थरथरते. असं चित्र आजच्या साध्या कन्व्हर्टरमधून काढा, तुकडा गळून जातो आणि पाणी थांबतं. ज्याने ते चित्र काढलं त्याने वाहतं पाणी काढलं होतं. ते थांबलेलं पाहिलं की आम्हाला खरंच वाईट वाटतं.

फाइल हाताशी असून चित्र दिसेना, याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचं. १९८५ साली अमिगाच्या उद्घाटनाला त्याने रंगमंचावर बसून गायिका डेबी हॅरीचं चित्र याच कॉम्प्युटरवर केलं. त्याच्या इतर प्रयोगांच्या फ्लॉप्या पिट्सबर्गच्या वॉरहॉल म्युझियममध्ये जपून ठेवलेल्या होत्या. पण आतल्या फाइली अगदी सुरुवातीच्या, नेहमीपेक्षा वेगळ्या फॉरमॅटमधल्या निघाल्या. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने फ्लॉपीवरून डेटा उतरवला, फॉरमॅट उलगडला, आणि २०१४ मध्ये ती चित्रं जगापुढे आली. ते नाव वॉरहॉलचं होतं म्हणून एवढी माणसं कामाला लागली. आपल्या ओळखीच्या कुणा हौशी माणसाने काढलेल्या चित्रांसाठी तसं कुणी येणार नाही. त्याच्या फ्लॉपीवर चित्राशेजारी जो व्ह्यूअर पडलेला आहे, तोच त्याचा आधार.

‘हे सगळं जमवलेलं आहेच की’ असं जाणकार म्हणतील. बरंच आहे, आणि ज्यांनी ते केलं त्यांचे उपकार आहेत. फ्रेड फिश यांनी असे प्रोग्रॅम गोळा करून फ्लॉप्यांची मालिका काढली, ती ११०० पर्यंत गेली. १९९२ मध्ये अमीनेट हा अमिगाच्या प्रोग्रॅमचा इंटरनेटवरचा साठा सुरू झाला. तिथे आजही चित्रांच्या प्रोग्रॅमचा मोठा विभाग आहे, आणि प्रत्येक फाइलशेजारी काय, कुणाचं, कोणती आवृत्ती अशी छोटी नोंद आहे. पण हातोहात फिरलेलं किती तरी तिथवर पोचलंच नाही. एखाद्या प्रोग्रॅमची शेवटची आवृत्ती सापडते, आधीच्या सापडत नाहीत. आणि पुढची आवृत्ती नवीन किकस्टार्टशिवाय (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीशिवाय) चालत नसेल, तर १.३ वाल्या मशीनला ती आधीचीच लागते. आम्हाला नेमक्या याच फटी भरायच्या आहेत.

हे प्रोग्रॅम लहान, पण त्यांचं काम लहान नव्हतं. डेव्हिड बक यांनी अमिगावर लिहिलेला डीकेबीट्रेस मोफत वाटला गेला आणि त्यातूनच पुढे पोव्ह-रे उभा राहिला, प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र रंगवणारा, आजही वापरात असलेला. दुसरं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. १९९२ मध्ये अमिगाच्या वर्कबेंच या डेस्कटॉपच्या ३.० आवृत्तीबरोबर ‘डेटाटाइप’ ही सोय आली. एक छोटी फाइल ठरलेल्या जागी ठेवली की नवा फॉरमॅट कसा वाचायचा हे मशीन शिकतं, आणि ही सोय वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅम ते चित्र उघडू लागतो. एप्रिल १९९४ मध्ये कमोडोर बुडाली. पीएनजी हा फॉरमॅट १९९६ मध्ये ठरला. म्हणजे कंपनी गेल्यानंतर जन्मलेला फॉरमॅट. तरीही अमिगा १२०० वर पीएनजी उघडतं, कारण वापरणाऱ्यांनीच त्याचे डेटाटाइप लिहिले आणि वाटून टाकले. सावकाश उघडतं, वरून खाली ओळ ओळ उमटताना दिसतं, पण उघडतं. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी या कामात पडलो.

आता एक चूक सांगतो, कारण ती पुन्हा कुणाच्या हातून होऊ नये. एका मित्राने मला त्याच्या फ्लॉप्या विश्वासाने दिल्या होत्या. एकीवर बॉलपेनने लिहिलं होतं, ‘माझी चित्रं आणि कन्व्हर्टर’. कन्व्हर्टर त्याने स्वतः लिहिलेला. अमिगा हाताशी नव्हती म्हणून मी ती पीसीच्या ड्राइव्हमध्ये घातली. पीसीने सांगितलं, डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करायची का? सवयीने ‘हो’ दाबलं गेलं. अमिगा फ्लॉपीच्या एकेका ट्रॅकवर (गोल पट्ट्यावर) ११ सेक्टर, म्हणजे डेटाचे तुकडे, एकदम लिहिते, त्यामुळे फ्लॉपीवर ८८० किलोबाइट मावतात. पीसीच्या ड्राइव्हमागच्या कंट्रोलरला ही लिखावट कळत नाही, त्याला फ्लॉपी कोरी वाटते. फ्लॉपी कोरी नव्हती. माझ्यामुळे झाली. त्या कन्व्हर्टरची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

म्हणून, आपल्याकडे अशा फ्लॉप्या असतील तर त्या पीसीत घालू नका. कोपऱ्यातली सरकती पट्टी सरकवून भोक उघडं ठेवा, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. धातूचं झाकण हळूच बाजूला करून आतली चकती पाहा. पांढुरके ठिपके दिसले तर बुरशी आहे, अशी फ्लॉपी कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला चिकटते, आणि त्यानंतर घातलेली धडधाकट फ्लॉपीही ओरखडते. पुसायचाही प्रयत्न नको, ते आमच्यावर सोपवा. लेबल निघत असेल तर निघालेलं लेबलही द्या. त्यावरचं अक्षर ही कित्येकदा एकमेव नोंद असते. फ्लॉपी चालते की नाही हे आपल्याला माहीत नसलं तरी काही बिघडत नाही. आम्ही ती फ्लक्स वाचणाऱ्या उपकरणावर उतरवतो. ते सेक्टर न शोधता चुंबकीय खुणा जशाच्या तशा टिपतं, त्यामुळे अर्धवट खराब ट्रॅकातूनही काही हाती लागतं. काम झालं की मूळ फ्लॉपी परत देऊ आणि तिची फाइलमधली हुबेहूब प्रतही देऊ. त्यात खाजगी पत्रं, हिशेब निघाले तर ते आमच्याकडे ठेवणार नाही.

अमिगा स्वतःच पडून असेल तर ती चालू करून पाहायचा मोह आवरा. काही मॉडेलांत आणि अमिगा ५०० च्या वाढीव मेमरीच्या पट्टीवर रिचार्ज होणारी बॅटरी असते. ती गळते आणि आजूबाजूचं तांबं खाऊन टाकते. ६००, १२०० आणि ४००० च्या बोर्डवरचे कपॅसिटर गळतात. आधी उघडून पाहायला हवं. चालू नसलेलं मशीनही आम्हाला हवं आहे, सुटे भाग म्हणून. फ्लॉपी ड्राइव्ह, माउस, वीजपुरवठ्याचा डबा, काहीही. अमिगाच्या मॉनिटरच्या केबलचा २३ पिनांचा प्लग तर नवा मिळणं मुश्कील, तो तुटका असला तरी द्या. आणि १५ किलोहर्ट्झवर चालणारा जुना मॉनिटर कुणी भंगारात काढत असेल तर कृपा करून थांबवा. आजचे बहुतेक मॉनिटर तो सिग्नल घेतच नाहीत. एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर अमिगाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, आमचं बरंचसं काम भागतं, पण इंटरलेसचं (एकाआड एक ओळी रंगवण्याच्या पद्धतीचं) लुकलुकणं आणि काचेवर मिसळणारे रंग पाहूनच कित्येक चित्रं काढली गेली होती, तेव्हा तपासणी खऱ्या पडद्यावर करावी लागते.

पैशांबद्दल थोडक्यात. कपॅसिटर बदलणं, एक जास्तीचा फ्लक्स रीडर, आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी साठवायच्या डिस्क, याच तीन गोष्टींना निधी लागतो. फूल ना फुलाची पाकळी, जे जमेल ते द्यावं. पावती मिळेल, जमाखर्च मागेल त्याला दाखवू. बिनमोबदला वाटलेले प्रोग्रॅम आम्ही कधीही विकणार नाही.

पैशांहून जास्त चणचण आहे ती हातांची. जर्मन वाचणारी दोन-तीन माणसं मिळाली तर मोठं काम होईल, कारण अमिगाचे पुष्कळ प्रोग्रॅम जर्मन लेखकांचे आहेत आणि त्यांच्या माहितीच्या फाइलीही जर्मनमध्ये. प्रत्येक प्रोग्रॅमची मराठीत नोंद करायची आहे: काय करतो, किती मेमरी लागते, कोणत्या किकस्टार्टवर चालतो, वाटायच्या अटी काय. मोफत वाटायची परवानगी म्हणजे हक्क सोडला असं नसतं, त्यामुळे अटी जशाच्या तशा नोंदवणं आम्ही फार महत्त्वाचं मानतो. टायपिंग येतं एवढंही पुरे. सोल्डरिंग येत असेल तर उत्तमच.

आणि आपणच कधी असा एखादा प्रोग्रॅम लिहिला असेल, सी मध्ये, असेंब्लीत, अमिगावरच्या अमॉस या भाषेत, तर आम्हाला आपल्याशी बोलायचं आहे. सोर्स सापडला तर द्या. अपुरा असला, कंपाइल होत नसला, त्यातल्या टिपा आज वाचवत नसल्या, तरी द्या. परवानगीच्या दोन ओळी लिहून द्या, आणि श्रेय कोणत्या नावाने हवं तेही.

फ्लॉप्या देताना सोबत एक चिठ्ठी ठेवा: मशीन कोणतं होतं, साधारण कोणत्या सालातलं, डबा कुणाचा. आठवत असेल तर चित्रं कोणत्या प्रोग्रॅमने उघडत होता तेही लिहा, नाव अर्धवट आठवलं तरी चालेल.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते