पायलट व्हायचंय, पण बँकेत सातबारा चालत नाही

मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. राजाराम महाराजांनी १९३९ साली इथं विमानतळ सुरू केला. मार्च २०२४ मध्ये उजळाईवाडीला नवं टर्मिनलही झालं. आता वर्गात ‘पुढं काय?’ विचारलं की मुली बेधडक ‘पायलट’ म्हणतात. त्यांच्यासाठीच हे पत्र.

विमान कंपन्यांच्या कॅडेट पायलट योजनांबद्दल, म्हणजे कंपनीनं मुलं निवडून त्यांना पायलटचं प्रशिक्षण द्यायच्या योजनांबद्दल, घरोघरी एक मोठा गैरसमज आहे. कंपनीनं निवडलं म्हणजे खर्चही कंपनीच करणार, असं पालक धरून चालतात. प्रत्यक्षात निवड कंपनीची आणि पैसे बहुतेक वेळा घरचे, तेही कोटीच्या आसपास.

करवीर तालुक्यातली माझी एक विद्यार्थिनी वर्षभर तयारी करतेय. गणित-भौतिक पक्कं आहे. पडद्यावरचा ठिपका जॉयस्टिकनं मधोमध धरून ठेवायचा आणि त्याच वेळी कानावर पडणारे आकडे लक्षात ठेवायचे, हा निवड चाचणीचा सराव ती रोज करते. मुलाखतीसाठी इंग्रजी मोठ्यानं वाचते. तिच्या बाजूनं काही कमी नाही.

अडतंय ते बँकेत. सरकार बँकेला हमी देतं त्या योजनेत विनातारण शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत. त्यापुढं तारण द्या. वडिलांकडं उसाची जमीन आहे, पण शेतजमीन थकीत कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याच्या बाहेर, म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला ती त्या कायद्यानं ताब्यात घेता येत नाही. म्हणून बँक बिगरशेती प्लॉट नाहीतर फ्लॅट मागते. बँकेचंही चूक म्हणता येत नाही. पण मग ज्यांचं शहरात घर आहे त्यांच्याच मुलांनी विमान चालवायचं का?

साहेब, डीजीसीएमान्य (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं मान्यता दिलेल्या) संस्थेत प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी वेगळी कर्जहमी हवी आणि तिची मर्यादा खऱ्या खर्चाकडं बघून ठरावी. अर्थ मंत्रालयाकडं हा विषय आपणच नेऊ शकता. हप्तेही नोकरी लागल्यावर सुरू व्हावेत. दोनशे तास उडून लायसन्स हातात आलं म्हणजे दुसऱ्या दिवशी पगार सुरू होतो असं नाही. मध्ये टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवायचं प्रशिक्षण असतं, त्याचे पैसे वेगळे. प्रशिक्षणाच्या जाहिरातीत तो आकडाही एकूण खर्चात धरून छापायची सक्ती करा.

आणखी एक. एका मुलानं कोचिंग क्लासची सगळी फी आधी भरली. नंतर वैद्यकीय तपासणीत, रंग ओळखायच्या चाचणीला, रंगीत ठिपक्यांतला आकडा त्याला दिसेना. फी परत मिळाली नाही. क्लास वन मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची ही वैद्यकीय तपासणी झाल्याशिवाय कुणीही मोठी रक्कम घेऊ नये, असा नियम करायला सरकारला काही खर्च नाही.

कुस्तीमुळं कोल्हापूर आपल्या ओळखीचं आहे. पुढच्या दौऱ्यात पालक आणि बँकांचे अधिकारी यांना समोरासमोर बसवून तासभर द्यावा. सातबारे, बँकांची नकारपत्रं, सगळी कागदपत्रं घेऊन आम्ही येऊ.

आपली विश्वासू,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षिका, कोल्हापूर