काका, गाडी आता अडखळत नाही

काका, सप्रेम नमस्कार.

परवा तुम्ही हात पुसत "जा, चालवून बघा" एवढंच म्हणालात आणि पुढच्या गाडीकडे वळलात. मागे चार जण खोळंबले होते, त्यामुळे आभार मानायचे राहूनच गेले. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं.

दोन महिने मी ती गाडी जीव मुठीत धरून चालवली. उभी असताना इंजिन एकसारखं चालायचं. सरळ रस्त्यावर एका वेगात ठेवली तरी तक्रार नसायची. पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर दाबला, की क्षणभर मान टाकायची आणि मग दचका देऊन पुढे जायची. एकदा आई मागे बसली होती, मी उजवीकडे वळत होतो, समोरून ट्रक येत होता. पाय पूर्ण दाबलेला, आणि गाडी ओढतच नव्हती. दीडेक सेकंदाचा खेळ असेल, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमच्याकडे येईपर्यंत प्लग बदलून झाले होते, एअर फिल्टर नवा होता, थ्रॉटल बॉडी (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणारी झडप) साफ झाली होती. आता टाकीतल्या फ्युएल पंपाची पाळी होती. "बहुतेक पंपच असेल," असं मला सांगण्यात आलं. ते "बहुतेक" मला पटेना.

तुम्ही बॉनेटला हातही लावला नाहीत, आधी विचारत बसलात. इंजिन थंड असताना होतं की तापल्यावर? सगळ्या गिअरमध्ये? पाय हळू दाबला तरी? मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून माझ्या शेजारी बसलात. एकही कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड, निघाला नाही तेव्हा माझं तोंड उतरलं. तुम्ही म्हणालात, "कोड नाही म्हणजे बिघाड नाही असं नसतं. आकडे बघू."

ते आकडे तुम्ही मला समजावून सांगितलेत, हे मी विसरणार नाही. पेट्रोल नीट जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. हवा जास्त झाली की कॉम्प्युटर आपणहून पेट्रोल वाढवतो, आणि किती टक्के वाढवलं ते फ्युएल ट्रिममध्ये दिसतं. उभ्या गाडीत आकडा ३ च्या आसपास होता. चढाला लागल्यावर १८ वर गेला. म्हणजे एक तर पेट्रोल कमी पडत होतं, नाही तर न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरत होती.

यातलं कुठलं, ते तुम्ही अंदाजाने ठरवलं नाहीत. फ्युएल प्रेशरचा गेज जोडलात, त्याची नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज पुढच्या काचेवर टेपने चिकटवलात आणि पुन्हा त्याच चढावर नेलंत. गाडी अडखळली, काटा जागचा हलला नाही. "पंप ठणठणीत आहे, बदलू नका." या एका वाक्यासाठी तुमचे कितीही आभार मानले तरी कमीच. हवा मोजणाऱ्या सेन्सरची तारही तुम्ही बघितलीत, तीही स्वच्छ होती.

मग हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय ठेवून मला क्लच जरासा सोडायला लावलात आणि स्वतः बाजूला उभे राहून आत टॉर्च मारलात. इंजिन एका अंगाला कललं, त्याबरोबर सेन्सरपासून थ्रॉटलपर्यंत हवा नेणारा रबरी होज ताणला गेला. इंजिन बंद करून तुम्ही त्याच्या खालच्या बाजूने अंगठा फिरवलात, दोन घड्यांच्या मधे थांबलात आणि होज वाकवलात. बोटभर लांबीची चीर ओठासारखी उघडली. सोडला की मिटली, काळ्या रबरात दिसेनाशी झाली. सेन्सरच्या पुढे आणि थ्रॉटलच्या अलीकडे! उभ्या गाडीत तिथे ओढ कमी आणि चीर मिटलेली, म्हणून पत्ता लागत नव्हता. जोर लागला की ती उघडायची आणि हवा न मोजताच आत जायची.

मी तर म्हणत होतो की टेप गुंडाळून द्या, चालेल. तुम्ही ऐकलं नाहीत. तेलाच्या वाफेने टेप सुटतो आणि माणूस भर रस्त्यात अडकतो, असं सांगून नवा होज येईपर्यंत मला थांबायला लावलंत. बरं झालं थांबलो.

काल आईला घेऊन त्याच वळणावरून गेलो. पाय दाबला आणि गाडी निघाली. आईच्या काही लक्षातही आलं नाही, मला मात्र भरून आलं.

पंधरा दिवसांनी ट्रिमचे आकडे पुन्हा बघायला बोलावलं आहेत, त्याप्रमाणे येतो. जुना होज जपून ठेवलाय, तोही आणतो. तुमच्याकडे शिकायला असलेल्या पोरांना ती चीर हाताने उघडून बघू द्या.

तुमचा ऋणी,
होजवाला गाडीमालक