ग्लेझची पूड झाडू नका, पुसा

महोदय,

मुलीला सिरॅमिकच्या वर्गातून आणायला गेले, तेव्हा मुली सांडलेली ग्लेझची (भाजल्यावर भांड्याला काचेसारखी चकाकी देणाऱ्या लेपाची) पूड कोरड्या झाडूने लोटत होत्या. तोंडाला नुसती ओढणी! माझ्या पोटात गोळाच आला. त्या पुडीत सिलिका, म्हणजे वाळूतले खनिज, असते. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. वर्षानुवर्षे फुप्फुसात साचले की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. ओढणीने ते अडत नाहीत, नीट बसणारा एन-९५ मास्क तरी हवाच. सांडलेले ओल्या फडक्याने पुसावे, तिथे जेवणाचा डबा उघडू नये. शिशाचे ग्लेझ तर भांड्यांना लावूच नये. आपल्याकडे कैरीचे लोणचे बरणीत वर्षभर मुरते आणि आंबटात विषारी शिसे उतरते.

– एक पालक, छत्रपती संभाजीनगर